ओढा वाहतोय तोवर : युवक मंडळांचे प्रश्न, ऑक्टोबर ते जानेवारी

पाऊस उघडला की युवक मंडळांची आणि महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) पथकांची पत्रं वाढतात. येत्या चार महिन्यांत काय काय हाती घ्यावं, असं बहुतेकांनी विचारलंय. कामांच्या याद्या सगळ्यांकडे आहेत, घोळ आहे तो तारखांचा. म्हणून या वेळी उत्तरांत महिन्यांची नावं जरा जास्तच येतील.

आमचं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर जानेवारीत आहे. दत्तक गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचं ठरलंय. ओढा साधारण सहा मीटर रुंद आहे. सिमेंटची रिकामी पोती किती जमवावी लागतील?
— जि. नाशिक

पोत्यांचा हिशेब देतो, पण आधी तारीख बदला. वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, अडवतो तो ओढ्याचा पावसाळ्यानंतरचा उतरता प्रवाह. हा प्रवाह सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मिळतो. घाटालगतचे ओढे थोडे जास्त टिकतात. पण सिन्नरच्या पूर्व भागासारख्या पट्ट्यात जानेवारीत बंधारा घातलात, तर त्याच्यामागे फोटोला उभं राहण्यापलीकडे काही साठणार नाही. रासेयोच्या स्वयंसेवकाला शिबिराव्यतिरिक्त वर्षाला १२० तासांचं नियमित काम असतंच. बंधारा त्या तासांत धरा आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आत दोन रविवारी उरका. सुट्टीत मुलं गावोगाव पांगतात आणि परत येईपर्यंत ओढ्याला धार उरलेली नसते.

आता हिशेब. लांबी ६ मीटर, उंची १ मीटर, वरची रुंदी ६० सें.मी. आणि तळाची १ मीटर ८० सें.मी. धरा. सरासरी रुंदी १.२ मीटर, म्हणजे घनफळ ७.२ घनमीटर. सिमेंटचं रिकामं पोतं दोन-तृतीयांश भरून आडवं दाबलं की साधारण ०.०३ घनमीटर जागा धरतं. ७.२ ला ०.०३ ने भागा : २४० पोती. फाटकी, उसवलेली धरून २७५ जमवा. सुतळी आणि दाभण आठ-दहा जणांना पुरेल इतकं हवं. पोती शिवायला माणसं कमी पडली की भरणारे रिकामे बसतात, आणि एवढ्या एका कारणाने काम दुसऱ्या दिवसावर जातं. भरलेलं पोतं जवळपास ४० किलोचं होतं. सगळं मिळून साडेनऊ टनांच्या वर माल हातांनी हलवायचाय, तेव्हा पाटी-पावड्यांसोबत माणसांच्या पाळ्याही आधीच लावा.

पोतं गच्च भरू नका. गच्च पोतं गोल होतं, गोल पोत्यांमध्ये फटी राहतात आणि पाणी त्या फटीतूनच वाट काढतं. भरायला माती घ्याल ती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या पात्रातली, म्हणजे साठ्याची खोलीही वाढेल. काठाची माती ओरबाडलीत तर काठच कमजोर होतो. निव्वळ वाळू भरली तर बंधारा चाळणीसारखा गळतो. म्हणून दर दोन थरांमध्ये चिकणमातीचा हात फिरवा आणि पाण्याकडच्या बाजूला जुनी ताडपत्री लावून तिचं खालचं टोक पात्रात वीतभर पुरा.

पहिला थर थेट वाळूवर ठेवायचा नाही. पात्रात २०-३० सें.मी. चर खणून घट्ट थरावर बसवा. दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर खाच घेऊन पोती आत घुसवा. वरची पोती खालच्या सांध्यावर येतील अशी रचा, विटांचं बांधकाम करतो तशी. सात थरांत १ मीटर उंची होते. मधला दीड-दोन मीटरचा भाग एक थर कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी मधूनच सांडेल, आणि ते पडेल तिथे मोठे दगड पसरा. हा मधला खळगा ठेवला नाही की पाणी काठाकडून वळसा घेतं. फुटलेले बहुतेक वनराई बंधारे कडेनेच फुटलेले असतात, पोती जागच्या जागी आणि ओढा बाजूने वाहतोय!

साठा किती होईल? पात्राचा उतार १ टक्का असेल तर १ मीटर उंचीचं पाणी मागे १०० मीटरपर्यंत फुगतं. १०० × १ × ६ चं निम्मं, म्हणजे ३०० घनमीटर, तीन लाख लिटर. उतार ३ टक्के असेल तर हाच आकडा एक लाखावर येतो. जागा निवडताना ओळंब्याने किंवा पाण्याच्या नळीने उतार मोजा, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची संमती घ्या आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. शेवटचं काम मे महिन्यातलं : पोती काढून घेणं. उन्हाने प्लास्टिकच्या पोत्यांचा भुगा होतो आणि पहिल्या पुरात ती चिंध्या होऊन खालच्या गावात जातात. हा दिवस शिबिराच्या नियोजनातच लिहून ठेवा.

मग जानेवारीच्या शिबिराला काम काय द्यायचं?
— जि. नाशिक (वरच्याच पत्रातून)

शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) करणं आणि रोपवाटिकेच्या पिशव्या भरणं. दोन्हींबद्दल वेगळी पत्रं आलीत, तीच खाली घेतो. शिवाय १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन आहे आणि जिजाऊ जयंतीही. गाव त्या दिवशी एकत्र येतंच, तेव्हा शिबिराचं उद्‌घाटन वेगळं करून एक दिवस वाया घालवू नका.

गेल्या वर्षी २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, मंडळाने अकरा घरांपुढे शोषखड्डे केले. वर्षाच्या आत त्यांतले चार तुंबले, दोन घाण वास मारतात. लोक आता नवे करू देत नाहीत. चुकलं काय?
— ता. हिमायतनगर, जि. नांदेड

तुमच्या तालुक्यातल्या टेंभुर्णीने घराघरांत शोषखड्डे करून गाव डासमुक्त केलं आणि पुढे 'नांदेड पॅटर्न' गाजला, हे तुम्हाला सांगायला नको. शिकायचं असेल तर तिथे जाऊन एक खड्डा उघडून बघा.

पत्रात तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत आणि तिन्हींत दुखणं आहे. खड्ड्यात विटांचे तुकडे भरले. भांडी राखेने घासतात. वरून माती लोटून सपाट केलं. साध्या भाजलेल्या विटा सतत ओल्या राहून विरतात आणि त्यांचा चिखल तळाशी बसतो. राख आणि भाताची शितं सरळ खड्ड्यात गेली की दगडांवर चिकट थर धरतो. आणि वरची माती पहिल्याच पावसात दगडांच्या फटीत उतरते. तिन्ही एकत्र आल्यावर वर्षभर टिकला हेच पुष्कळ.

एका कुटुंबासाठी १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाच्या एक-तृतीयांशात डोक्याएवढे दगड, मधे नारळाएवढे, वर मुठीएवढे. दगड हाताने रचा, ट्रॉली उलटी करून ओतू नका. ओतले की लहान-मोठे मिसळतात आणि पोकळी घटते. नीट रचलेल्या खड्ड्यात साधारण ४० टक्के पोकळी मिळते, म्हणजे ४०० लिटर. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी रोजचं २०० ते २५० लिटर होतं. एवढं पाणी रोज जमिनीने प्यायलं पाहिजे.

मधोमध, वरच्या थरात, एक मडकं बसवा. त्याच्या बुडाला आणि कडेला करंगळी जाईल अशी आठ-दहा भोकं पाडा आणि आत नारळाच्या शेंड्या कोंबा. मोरीचा पाइप या मडक्यातच सोडायचा. मडकं म्हणजे या खड्ड्याची गाळणी. दर पंधरा दिवसांनी शेंड्या काढून जाळायच्या, नव्या भरायच्या. हे काम त्या घरच्या माणसाला करून दाखवा आणि तुमच्यासमोर एकदा करायला लावा. दगडांवर गोणपाट किंवा जाड प्लास्टिक अंथरून मगच माती, आणि मडक्यावर काढता येईल असं झाकण. झाकणाच्या फटीतून डास आत गेला तर तुम्ही डासांसाठी बंद खोली बांधल्यासारखं होईल.

खणण्याआधी जमीन पाणी पिते का, ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. नेमक्या जागी वीतभर रुंद, ३० सें.मी. खोल भोक घ्या, तळाशी दोन बोटं खडी टाका, पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा १५ सें.मी. पाणी भरून घड्याळ लावा. अडीच सें.मी. पाणी उतरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला, तर काळ्या चिकण जमिनीत एकटा खड्डा पुरणार नाही. तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल न्या, नाहीतर पाणी परसात केळी, अळू, कर्दळीच्या चराला द्या. विहीर किंवा हातपंपापासून किमान १५ मीटर अंतर ठेवा, आणि संडासाचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका.

वास मारणारे दोन खड्डे बुजवू नका. उघडा, दगड काढून धुवा, तळाचा काळा गाळ पावडीने खरवडा आणि पुन्हा रचा. दगड तेच चालतात. चार माणसांचं एका दिवसाचं काम आहे, आणि तक्रार करणाऱ्या घरासमोर ते झालं की बाकीचे आपणहून विचारायला येतील.

५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनाला गावात माती परीक्षणाची मोहीम घ्यायची आहे. पण लोक म्हणतात, "मागे कार्डं आली तेव्हा शेजारच्याचे आणि माझे आकडे एकच होते, हे खोटं आहे." काय सांगावं?
— ता. भूम, जि. धाराशिव

कार्डं खोटी नाहीत. मृदा आरोग्यपत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा नमुने प्रत्येक शेतातून न घेता चौकटी पाडून घेतले : बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्या चौकटीतल्या सगळ्यांना तेच आकडे गेले. गावाच्या सरासरीसाठी ते ठीक आहे, तुमच्या शेताला खत किती द्यायचं ते ठरवायला स्वतःचा नमुना हवा. लोकांना एवढं सांगितलं की बरीच शंका फिटते.

तारीख मात्र तपासा. ५ डिसेंबरला तुमच्याकडे ज्वारी गुडघ्याला आलेली असेल, हरभऱ्याला खत पडलेलं असेल. खत दिल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नये. म्हणून नमुने सोयाबीन निघाल्यावर, रब्बीच्या पेरणीआधी घ्या आणि ५ डिसेंबरला अहवालांचं वाचन ठेवा.

एकसारख्या जमिनीचा तुकडा एक नमुना. त्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाखालची सावली, उकिरड्याची जागा, पाण्याचा पाट टाळा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सें.मी. खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून काढा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा, गोल पसरा, बोटाने चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. फळबागेचं असेल तर ३०, ६० आणि ९० सें.मी. असे तीन थरांचे तीन नमुने वेगळे.

सगळ्यात जास्त नमुने बिघडतात ते खताच्या रिकाम्या पिशवीमुळे. युरियाच्या गोणीवर माती मिसळली की नत्राचे आकडे आकाशाला भिडतात. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक. एक चिठ्ठी पिशवीत, दुसरी बाहेर.

घरचं हरभऱ्याचं बी पेरण्याजोगं आहे का, हे शाळेतल्या मुलांकडून तपासून घेता येईल का?
— ता. आष्टी, जि. बीड

येईल, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. पोत्याच्या वर, मधे आणि तळातून मूठ-मूठ बी काढून एकत्र करा. निवडू नका, मुलं टपोरे दाणे वेचतात आणि निकाल उगीच छान येतो. मोजून १०० दाणे, ओल्या वर्तमानपत्राच्या चार पदरी घडीवर दहा-दहाच्या ओळीत, वर आणखी दोन ओले पदर, सैल गुंडाळी करून सावलीत उभी. रोज पाणी शिंपडा, पण निथळू द्या. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेलेच मोजा. हरभरा आणि गव्हाला ८५, ज्वारीला ७५ हा प्रमाणित बियाण्याचा निकष. हरभरा ७० वर आला तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा : एकरी ३० किलो पेरत असाल तर साधारण ३६ किलो. ६० च्या खाली आलं तर ते बी पेरू नका.

गेल्या जानेवारीत पाचशे पिशव्यांत कडुनिंबाचं बी लावलं. एकही उगवलं नाही. बी चांगलं जपून ठेवलेलं होतं.
— ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर

जपल्यामुळेच गेलं. कडुनिंबाचं बी काढल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावू लागतं. पिकलेली निंबोळी जून-जुलैत पडते, तिचा गर धुऊन सावलीत सुकवून लगेच लावायची. जानेवारीत तिच्या वाटेला जाऊ नका.

जानेवारीत माती मिसळून पिशव्या भरून ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच, बाभूळ, करंज लावा. चिंचोका २४ तास साध्या पाण्यात. बाभळीचं बी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून तसंच रात्रभर ठेवायचं, चुलीवर मात्र नाही. १००० पिशव्यांना (५ × ७ इंची) जवळपास ०.९ घनमीटर मिश्रण लागतं, म्हणजे एका ब्रासचा तिसरा हिस्सा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. पिशवीला खालच्या अर्ध्यात आठ-दहा भोकं पाडा, आणि वरचा बोटभर भाग पाण्यासाठी रिकामा ठेवा.

आमच्या गटातल्या एका ताईंना प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मिनी डाळमिल टाकायची आहे. प्रकल्प दहा लाखांचा. ३५ टक्के अनुदान आलं की त्यातून शेड बांधू, असं त्या म्हणतात.
— ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

शेड त्या पैशातून होणार नाही, आणि हे त्यांना अर्ज भरायच्या आधी सांगा. ग्रामीण भागातल्या महिलेला अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, हे खरं. दहा लाखांत त्यांचे ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. अनुदानाचे साडेतीन लाख बँकेत येतात ते तीन वर्षं मुदत ठेवीसारखे अडकून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच बंद पडलं तर परत जाते. म्हणजे शेडचा खर्च प्रकल्प अहवालातच हवा. जमिनीची किंमत मात्र प्रकल्पात धरता येत नाही.

अहवाल शेजारच्या तालुक्यातून उतरवून आणू नका. त्यात वीजजोडणी किती अश्वशक्तीची, तूर कुठून आणि कोणत्या महिन्यांत मिळणार, हे बँकेचा अधिकारी पहिल्यांदा विचारतो. आधी आरसेटीत जा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालणारी ही ग्रामीण स्वयंरोजगार संस्था, मूळ नमुना १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झाला. प्रशिक्षण आणि राहणं-जेवण मोफत, पुढे दोन वर्षं पाठपुरावा. हंगामाचं म्हणाल तर तूर जानेवारीत बाजारात येते. आता अर्ज केला तरी या वर्षीची तूर सापडणार नाही, तेव्हा घाई करून चुकीचं यंत्र घेऊ नका.

मंडळाची नोंदणी करावीच लागते का?
— अनेक पत्रांतून

श्रमदानाला नाही. १५ ते २९ वयाच्या मुलामुलींना केंद्र सरकारच्या 'माय भारत' या युवकांसाठीच्या संकेतस्थळावर (३१ ऑक्टोबर २०२३ पासून) व्यक्ती म्हणून नोंद करता येते, तेवढ्यावर बरीच कामं होतात. मंडळाच्या नावाने खातं आणि निधी हवा असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद आणि सोबत धर्मादाय कार्यालयातली नोंदणी. त्यानंतर मात्र दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहून गेल्याने जुन्याच अध्यक्षाची सही चालू राहते, तो पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि खातं गोठतं. सांभाळणारा माणूस ठरला नसेल तर नोंदणीच्या फंदात पडू नका.

ग्रामपंचायतीकडून जागा किंवा निधी हवा असेल तर पुढची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीची. नोटीस सात दिवस आधी लागते, म्हणून तुमचा विषय १५ जानेवारीच्या आत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती. ध्वजवंदनानंतर माणसं पांगायच्या आत त्यांना चावडीपर्यंत आणण्याचं काम मंडळाच्या पोरांनी अंगावर घ्यावं.